उशाशी बसलेल्यांसाठी संगीतोपचार : घरी येणाऱ्या एका सेवेचा अनुभव

आईच्या शेवटच्या पाच आठवड्यांत आम्ही घरी येणाऱ्या संगीतोपचाराची सेवा घेतली. एकूण नऊ सत्रे झाली. त्यांपैकी आठ सत्रे एकाच थेरपिस्टने घेतली आणि एक तिच्या बदली आलेल्या व्यक्तीने. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण मनापासून कृतज्ञता वाटावी असे तिच्याकडून जेवढे मिळाले, तेवढीच गंभीर तक्रारही माझ्याकडे आहे, आणि मला एखाद्या संस्थेविषयी बोलण्यापेक्षा या प्रकारच्या सेवेविषयी बोलायचे आहे. घरात कोणी शेवटच्या आजारात आहे आणि आपण रात्रंदिवस त्याच्या उशाशी आहोत, अशांनी ही सेवा घ्यावी का, असा प्रश्न असेल तर माझे उत्तर ‘घ्यावी’ असे आहे. मात्र घेण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. त्या पुढे ओघाने येतीलच.

पहिल्याच भेटीत माझा एक गैरसमज दूर झाला. मी ही सेवा आईसाठी मागवली होती. फुप्फुसाच्या कर्करोगाने तिला धाप लागत असे, रात्री ती घाबरून उठे, आणि गाण्याने तिला बरे वाटेल एवढीच माझी अपेक्षा होती. थेरपिस्टने आणलेल्या अर्जाचे पहिले पान आईच्या माहितीचे होते आणि दुसरे माझ्या. सलग किती तास झोप मिळते, स्वतःच्या तपासण्या पुढे ढकलल्या आहेत का, घराबाहेर शेवटचे कधी पडलात, असे प्रश्न त्यात होते आणि शेवटून दुसरा प्रश्न होता, ‘रुग्णाचा राग येतो का?’ तेवढा प्रश्न मी कोरा ठेवला. तिने तो पाहिला, काही विचारले नाही आणि पान घडी करून ठेवून दिले.

असे प्रश्न विचारण्यामागे कारण आहे, हे मी नंतर वाचले. काळजीवाहकावर पडणारा भार मोजण्यासाठी अमेरिकी संशोधक झारिट यांची बावीस प्रश्नांची प्रश्नावली अनेक वर्षे वापरात आहे. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण दिले जातात आणि बेरीज ८८ पर्यंत जाऊ शकते. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका, तशी जबाबदारी नसलेल्या वृद्धांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला होता. हा आकडा वाचला तेव्हा मला आईची नव्हे, बाबांची काळजी वाटली. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आईच्या मॉर्फीन या वेदनाशामकाच्या वेळा त्यांनी वहीत लाल शाईने लिहून ठेवल्या होत्या आणि त्या पाळण्यासाठी ते रात्री खुर्चीत बसूनच डुलकी घेत असत. ‘तू जा, जरा पाठ टेक’ असे मला म्हणायचे आणि स्वतः मात्र पाठ टेकायचे नाहीत.

आता प्रत्यक्ष सत्राविषयी. आईच्या खोलीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चोवीस तास चालू असे. त्याची ती एकसुरी घरघर दोन महिने आमच्या डोक्यात बसली होती, जेवताना, झोपताना, फोनवर बोलतानाही. थेरपिस्ट खोलीत आली, आईला नाव सांगून नमस्कार केला आणि खुर्चीत बसून मिनिटभर नुसती ऐकत राहिली. मग तिने त्या यंत्राच्या घरघरीचा स्वर गुणगुणत शोधला आणि गिटारची सर्वांत खालची तार हळूहळू पिळून त्या स्वराला जुळवली. त्यानंतर तिने जे वाजवायला सुरुवात केली, त्यात यंत्राचा आवाज आधारस्वरासारखा मिसळून गेला. ज्या आवाजाचा मला तिटकारा आला होता, तो त्या पाऊण तासापुरता संगीताचा भाग झाला. आईने डोळे न उघडता विचारले, ‘मशीन बंद केली का गं?’ मशीन चालूच होती.

वाजवण्याची सुरुवात मला अपेक्षित होती तशी संथ नव्हती. ती थोडी घाईची, थोडी अस्वस्थच होती. मी त्या वेळी दाराशी उभी राहून एका हातात औषधांचा डबा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन वितरकाला सिलिंडरविषयी संदेश पाठवत होते, आणि तिचा हात माझ्या त्या धांदलीच्या लयीत चालला आहे हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मग लय इतक्या बेताने उतरत गेली की मी केव्हा बसले आणि डबा केव्हा खाली ठेवला ते मला आठवत नाही. या पद्धतीमागचे तत्त्व जुने आहे. माणूस ज्या मनःस्थितीत असेल तिथूनच संगीताने सुरुवात करायची आणि मग त्याला सोबत घेऊन पुढे सरकायचे, असे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आयरा अल्टशुलर यांनी १९४० च्या दशकात मांडले होते. घाबरलेल्या माणसापुढे एकदम शांत धून वाजवली तर ती त्याला आपली वाटत नाही. सत्र संपताना थेरपिस्ट मला म्हणाली, ‘ताई, तुम्ही श्वास रोखून धरता, ठाऊक आहे का? काकूंचा श्वास अडकला की तुमचाही अडकतो.’ मला ते ठाऊक नव्हते.

इथेच या सेवेत आणि मोबाइलवर गाणी लावून देण्यात फरक आहे. रुग्णाजवळ आवडती गाणी लावायला काहीच हरकत नाही, आम्हीही लावत होतो. परंतु ध्वनिमुद्रित गाणे समोरच्याच्या श्वासाकडे पाहत नाही. मध्येच रडू आले तर ते थांबत नाही आणि आईने एखादा शब्द पुटपुटला तर तो उचलून पुढची ओळ करत नाही. १९७५ मध्ये डॉ. बाल्फोर माउंट यांनी कॅनडातील मॉन्ट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या उपशामक सेवेचा, विभाग सुरू केला, आणि तिथल्या संगीतोपचारक सुझन मन्रो यांच्यासह त्यांनी १९७८ मध्ये मरणासन्न रुग्णांसाठीच्या संगीतोपचारावर लेख प्रसिद्ध केला. म्हणजे ही कल्पना कालपरवाची नाही. त्याही आधी, १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातील रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह, उघडणाऱ्या सिसिली सॉण्डर्स यांनी ‘समग्र वेदना’ हा विचार मांडला होता. शरीराचे दुखणे, मनाचे दुखणे, नात्यांतले आणि श्रद्धेतले दुखणे वेगवेगळे काढता येत नाही, असा त्याचा आशय. उशाशी बसणाऱ्यांनाही तो तंतोतंत लागू पडतो, असे मी आता अनुभवाने म्हणू शकते.

संगीताने काय झाले नाही, हेही सांगायला हवे. आईच्या वेदना त्याने थांबल्या नाहीत, मॉर्फीनचे प्रमाण कमी झाले नाही आणि आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही. थेरपिस्टने तसे कधी सुचवलेही नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, आयुष्याच्या अखेरच्या संगीतोपचारावरील आढाव्यात २०१० साली पाचच अभ्यास आणि एकूण १७५ सहभागी हाती लागले होते. जगण्याच्या गुणवत्तेवर चांगला परिणाम होत असावा, पण पुरावा कच्चा आहे आणि आणखी संशोधन हवे, असा त्याचा निष्कर्ष होता. जी संस्था यापेक्षा ठाम बोलेल, वेदनाशामके कमी करता येतील असे आश्वासन देईल, तिच्यापासून दूर राहावे.

मला मिळाले ते वेगळेच. गेले कित्येक महिने मी आईची परिचारिका झाले होते. नाडी, ऑक्सिजनची पातळी, कूस बदलण्याच्या वेळा, मोजून दिलेले पाणी, यांतच मी तिला पाहत होते. सत्राचा पाऊण तास तो सगळा कारभार दुसऱ्या कोणाच्या नजरेखाली असे आणि मला नुसते तिच्याजवळ बसता येई. तिच्या हाताला मी किती दिवसांनी नाडी न शोधता हात लावला, हे तिसऱ्या सत्रात ध्यानात आले आणि मी बऱ्याच दिवसांनी रडले. थेरपिस्टने वाजवणे थांबवले नाही, फक्त शब्द सोडून दिले आणि नुसते स्वर चालू ठेवले.

बाबांची गोष्ट अधिक अवघड होती. पहिल्या दोन सत्रांत ते उंबऱ्यापाशी उभे राहिले. त्यांना गाता येत नाही, ते बोलतही कमीच, आणि ‘तुम्हाला काय वाटते’ या प्रश्नाला त्यांचे आयुष्यभराचे उत्तर ‘ठीक आहे’ हे आहे. थेरपिस्टने त्यांना काय वाटते ते विचारलेच नाही. चौथ्या सत्रात तिने विचारले, ‘काका, काकू रोज न चुकता काय म्हणतात?’ बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘झोपताना विचारते, कडी लावलीत का?’ ती म्हणाली, ‘आणि तुम्ही काय म्हणता?’ बाबा म्हणाले, ‘लावली, लावली.’

त्या दोन वाक्यांचे गाणे झाले. थेरपिस्टने चाल अगदी साधी ठेवली, चार स्वरांची, अंगाईसारखी झुलणारी. कडव्यांत बाबांनी एकेक करून सांगितलेल्या गोष्टी आल्या: गच्चीवरचे कपडे, गॅसचा नॉब, माझ्या शाळेच्या डब्याचे हरवलेले झाकण. प्रत्येक कडव्याच्या शेवटी मी विचारायचे, ‘कडी लावलीत का?’ आणि बाबांनी दोन बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरून उत्तर द्यायचे. पाचव्या सत्राच्या दिवशी आई चांगली जागी होती. आम्ही पहिले कडवे म्हटले आणि प्रश्नाच्या जागी मी तोंड उघडण्याआधीच तिने तो विचारला, दम लागत लागत, पण नेमक्या जागेवर. बाबा ‘लावली’ म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांना म्हणता आले नाही, ते मी म्हटले. पन्नास वर्षांच्या संसाराविषयी त्या दोघांनी एकमेकांना जे काही सांगायचे होते, ते माझ्या समोर सांगितले गेले ते एवढेच, आणि ते पुरेसे होते असे मला वाटते. त्याचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे.

आईच्या हृदयाचे ठोके स्टेथोस्कोपला जोडलेल्या मायक्रोफोनने मुद्रित करून त्यांवर संगीत रचून देण्याची सोयही या सेवेत होती. काही कुटुंबांना असा ठेवा फार मोलाचा वाटतो. बाबांनी नको म्हटले, थेरपिस्टने विषय तिथेच सोडला. दादालाही हे सगळे सोसवले नाही. त्याला आईजवळ शांतता हवी होती, म्हणून त्याच्या येण्याच्या वेळा टाळून सत्रे ठेवली गेली. कोणाला ओढून आणायचे नाही हा नियम त्यांनी खरोखर पाळला.

आणखी एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. दुसऱ्या सत्रात आवडत्या गाण्यांची यादी करताना तिने मला बाजूला घेऊन विचारले, ‘असे एखादे गाणे आहे का, जे तुम्हाला पुढे आयुष्यभर लागणार आहे? ते आपण इथे वाजवायला नको.’ दुःखाच्या काळात सतत ऐकलेले गाणे त्या काळाला असे चिकटते की नंतर ते दुकानात किंवा रिक्षात अचानक कानावर पडले तरी माणूस पुन्हा त्या खोलीत जाऊन उभा राहतो. घरच्या माणसांच्या पुढच्या वर्षांचा विचार त्या खोलीत करणारी ती एकटीच होती. मी एक गाणे तिला सांगितले. ते नऊ सत्रांत एकदाही वाजले नाही.

सहाव्या सत्राला थेरपिस्ट रजेवर होती. बदली माणूस येणार असल्याचे आम्हाला कोणी कळवले नाही. आलेल्या गृहस्थांनी ब्लूटूथ स्पीकर पलंगाशेजारी ठेवला, उत्साहाची गाणी लावली आणि आईला टाळ्या वाजवायला सांगितले. आदल्या रात्री तिला तीन तासही झोप नव्हती. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून तिने दोनदा हात हलवले, आणि उरलेला वेळ मी तिला त्रास होऊ नये आणि त्यांचाही अपमान होऊ नये अशी कसरत करत राहिले. निघताना त्यांनी आईच्या देखत मला विचारले, ‘डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?’ आई ऐकत होती. त्या दिवशी मला त्यांच्या नेमक्या शिक्षणाविषयी संस्थेला विचारावे लागले, आणि ते संगीत शिक्षक आहेत, उपचारक नाहीत, असे उत्तर मिळाले. संगीतोपचार ही स्वतंत्रपणे शिकण्याची विद्या आहे, तिचा पदवी अभ्यासक्रम मिशिगन स्टेट विद्यापीठात १९४४ मध्येच सुरू झाला होता. चांगले गाणे येणे आणि मरणाऱ्या माणसाच्या खोलीत कसे वागावे हे येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून सेवा घेताना येणाऱ्या व्यक्तीचे प्रशिक्षण कशात झाले आहे, शेवटच्या आजारातील रुग्णांसोबत काम केले आहे का आणि ती रजेवर असेल तर कोण येणार, हे तीन प्रश्न आधी विचारा. बदली नको, सत्र रद्द करा, असे सांगण्याचा अधिकार तुम्हाला आहे. मला तो असल्याचे उशिरा कळले.

शेवटचे सत्र आई जाण्याच्या आदल्या संध्याकाळी झाले. तिचा श्वास तोपर्यंत बदलला होता. काही श्वास खोल होत जात, मग उथळ होत जात आणि मग पंधरा-वीस सेकंद श्वासच नसे. डॉक्टर याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात आणि शेवटच्या दिवसांत ते अनेकदा दिसते. त्या प्रत्येक थांब्यात बाबा उठून उभे राहत. थेरपिस्टने ठेका पूर्णपणे सोडला, कारण जिथे श्वासालाच लय उरलेली नाही तिथे नेमकी मात्रा मोजणारे संगीत जवळच्यांना पुढच्या ठोक्याची वाट पाहायला लावते, असे तिने नंतर समजावले. तिने नुसता एक स्वर धरला, आई श्वास सोडे तेव्हा आम्हाला तोच हलकेच गुणगुणायला सांगितला, आणि थांब्यात तिचा स्वर आम्हाला धरून ठेवी. बाबा तिसऱ्या-चौथ्या थांब्यानंतर उभे राहिले नाहीत.

‘तिला ऐकू येते का?’ असे मी विचारले. २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत्यूच्या काही तास आधीच्या, प्रतिसाद न देणाऱ्या हॉस्पिस रुग्णांच्या मेंदूतील विद्युत लहरी तपासल्या होत्या आणि काही रुग्णांचा मेंदू स्वरांतील बदलाला प्रतिसाद देताना आढळला होता, हे तिने सांगितले. आणि ‘रुग्णाला त्याचा अर्थ कळत होता की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही’ हेही त्याच दमात सांगितले. मला त्या वेळी कोणीही ‘हो’ म्हटले असते तर मी विश्वास ठेवला असता. तिने तो फायदा घेतला नाही, म्हणून तिचे बाकीचे सगळे बोलणे मला आजही खरे वाटते. थोड्या वेळाने तिने गिटार पिशवीत ठेवली, आम्ही दोघे गुणगुणतच होतो, आणि ती दार ओढून घेऊन निघून गेली. पहाटे आई गेली.

चौथ्या दिवशी संस्थेकडून एक सांत्वनाचा संदेश आला आणि त्याखाली अभिप्रायाच्या अर्जाची लिंक होती. त्यानंतर काही नाही. मी फोन केला तेव्हा सांगण्यात आले की रुग्णाची फाइल बंद झाली आहे आणि पुढची सत्रे हवी असतील तर नवी नोंदणी करावी लागेल. माझी मोठी तक्रार हीच आहे. दुसरे पान माझ्याविषयी भरून घेतले होते, कोरा ठेवलेला प्रश्न पाहिला होता, बाबांना उंबऱ्यातून आत आणले होते, आणि फाइल मात्र फक्त आईच्या नावाची होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येत उपशामक सेवेने कुटुंबाला रुग्णाच्या आजारपणात आणि नंतरच्या शोकातही आधार द्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. नऊ सत्रांचा करार करताना त्यातली दोन किंवा तीन मृत्यूनंतरसाठी राखून ठेवणे काही कठीण नाही. मी तसे पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी थेरपिस्टचा फोन आला आणि एक सत्र मिळाले. त्यात बाबांनी कडीचे गाणे एकट्याने म्हटले, दोन्ही बाजूंचे शब्द. तुम्ही सेवा घेतलीत तर ही राखीव सत्रे पहिल्याच दिवशी लेखी मागून घ्या.

थेरपिस्टला मी पाचपैकी पाच गुण देईन आणि संस्थेला तीन. वेळेच्या बाबतीत मात्र दोष आमचाच होता. उपशामक सेवेच्या परिचारिकेने हा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला होता आणि मी ती फ्रिजच्या दारावर लावून ठेवली होती. ‘एवढ्यात नको, ते शेवटचे असते’ असे मला वाटत राहिले. आम्ही फोन केला तेव्हा आई एका वेळी चार-पाच शब्दच बोलू शकत होती, आणि ती चिठ्ठी तिथे तीन महिन्यांपासून होती.